कॅलिबरच्या यादीतून ३०८ पुस्तकं गेली, फोल्डरमध्ये मात्र सगळी आहेत

कीर्दखतावणी (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल. पण अर्धं सांगितलं की उत्तरही अर्धंच मिळतं, म्हणून सगळंच सांगते.

मी चाटी गल्लीत एका कापडाच्या पेढीवर हिशेब बघते. टॅली येतं, तेवढ्या भांडवलावर घरात मला 'कॉम्प्युटरवाली' म्हणतात. लॉकडाउनमध्ये पेढी बंद होती तेव्हा कॅलिबर (ई-पुस्तकांचा संग्रह सांभाळायचं सॉफ्टवेअर) शिकले आणि घरातली ई-पुस्तकं एका जागी गोळा करायला लागले. विकिस्रोतावरून उतरवलेली ईपब, साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या पीडीएफ, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, मुलीच्या अभ्यासाची, काही विकत घेतलेली. डिसेंबरअखेर मोजली तेव्हा १९१२ होती. (हो, मोजते. सवय आहे.)

वाचणाऱ्या आम्ही तिघी. माझ्याकडे भाच्यानं दुबईहून आणलेला कोबो (किंडलसारखं ई-पुस्तक वाचायचं यंत्र) आहे, त्यावर केओरीडर हे वाचायचं सॉफ्टवेअर टाकलंय. दुपारी पेढीवर गिऱ्हाईक नसलं की फोनवर वाचते, तिथंही केओरीडरच. सासूबाईंकडे टॅबलेट, अक्षर एवढं मोठं लावलंय की एका पानावर सातच ओळी मावतात. मुलगी पुण्यात हॉस्टेलला, तिच्याकडे किंडल आणि लॅपटॉप.

सगळ्यांना सगळं मिळावं म्हणून मी कॅलिबरचं आख्खं फोल्डर एका क्लाउड ड्राइव्हमध्ये टाकलं. मुलीच्या लॅपटॉपवरही कॅलिबर घातलं आणि त्याला तेच फोल्डर दाखवलं. दीड वर्ष सुरळीत चाललं. निदान मला तसं वाटत होतं.

संक्रांतीला, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मुलगी घरी आली. गणपतीनंतर पहिल्यांदाच तिनं तिचं कॅलिबर उघडलं आणि नेट जोडायच्या आधीच वीसेक पुस्तकांना तारे देऊन टाकले. इकडे माझंही चालूच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर यादीत १६०४. गणपतीनंतर मी जेवढी भरली होती तेवढी सगळी गेली. फोल्डर उघडून पाहिलं तर लेखक जागच्या जागी, पुस्तकं आत. म्हणजे गोदामात माल आहे आणि वहीत नोंद नाही.

दोन गुन्हे आधीच कबूल करते. मेटाडेटा डॉट डीबी नावाच्या दोन फायली दिसत होत्या, एकीच्या नावापुढे काहीतरी शेपूट होतं. डुप्लिकेट समजून ती उडवली, आणि कचरापेटीही रिकामी केली. दुसरा गुन्हा जुना आहे. कॅलिबर मराठी लेखकांचे आणि पुस्तकांचे फोल्डर रोमन लिपीत करतं. ते असं काही विचित्र दिसतं की मी वैतागून तीसेक फोल्डरांची नावं हातानं देवनागरीत केली आणि शेवटी कंसात जे आकडे असतात तेही काढून टाकले. त्यांचा काय उपयोग, असं वाटलं तेव्हा.

आता ही ३०८ पुन्हा हातानं भरायची म्हणजे लेखक, मालिका, विषय सगळं नव्यानं लिहायचं. दुसरा काही मार्ग आहे का? आणि पुढे सोलापूर-पुणे एकच संग्रह ठेवायचा तर तो कसा? आणखी एक बारीक दुखणं: रात्री कोबोवर जिथं थांबते, तिथूनच दुपारी फोनवर उघडावं अशी सोय केओरीडरमध्ये लावलीय. काही पुस्तकांत ती बरोबर चालते, काहींत अजिबात नाही. काय फरक आहे ते महिनाभर शोधतेय.

---

झटपट_उत्तर

क्लाउडवरच राहू द्या. फक्त दोघींनी एकाच वेळी उघडायचं नाही. फोन करून विचारायचं, 'तू बंद केलंस का?' आम्ही दोघं भाऊ तसंच करतो, आजवर काही झालेलं नाही.

---

पूर्वभागातला

वरच्या दादांना आजवर काही झालेलं नाही, हे खरंय. त्या ताईंनाबी दीड वर्ष काही झालं नव्हतं.

अक्का, आधी एक करा. तुमचं कॅलिबर बंद करा, पोरीला तिचं बंद करायला सांगा, क्लाउडचं सिंक थांबवा. मग आख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा. हे झाल्याशिवाय पुढचं वाचू नका.

झालं? आता ऐका. कॅलिबर प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात तीन वस्तू ठेवतंय. पुस्तक, कव्हरचं चित्र आणि मेटाडेटा डॉट ओपीएफ म्हणून एक बारकी फाइल. त्या बारक्या फायलीत नाव, लेखक, मालिका, टॅग, तारे, सगळं लिहिलेलं असतंय. कॅलिबर चालू असताना मागच्या मागं तेच लिहून ठेवतंय. मोठी डीबी, म्हणजे सगळ्या यादीची मेटाडेटा डॉट डीबी, बिघडली तरी या चिठ्ठ्या गोळा करून ती नव्यानं बांधता येती. वरच्या लायब्ररीच्या बटणावर उजवी क्लिक, मग लायब्ररी मेंटेनन्स, मग रिस्टोअर डेटाबेस. १९०० पुस्तकं म्हणजे वेळ लागंल, चहा पिऊन या.

आता तुमचा दुसरा गुन्हा. कंसातला तो आकडा म्हणजे पुस्तकाचा नंबर हाय. रिस्टोअर करताना कॅलिबर नंबर बघूनच फोल्डर ओळखतंय. नंबर काढलेले फोल्डर त्याच्या लेखी नाहीतच. ते तीसेक फोल्डर लायब्ररीच्या बाहेर काढून ठेवा आणि रिस्टोअर झाल्यावर 'ॲड बुक्स'मधनं, एका फोल्डरात एक पुस्तक असं सांगून, भरा. आत ओपीएफ असली की नाव-लेखक तिथनंच उचलतंय. रोमन नावं ते मुद्दाम करतंय, कुठल्याबी यंत्रावर फायली चालाव्यात म्हणून. तुम्हाला यादीत मराठी दिसतंय की नाही? मग त्या फोल्डरात डोकवायचंच कशाला. आमच्या घरात तेलुगू पुस्तकं हायत, त्यांचीबी नावं बघवत नाहीत. मी बघत नाही.

क्लाउडचं असं हाय. मेटाडेटा डॉट डीबी ही एसक्यूलाइटची (छोट्या डेटाबेसचा एक प्रकार) एकच फाइल. ती एका वेळी एकाच माणसानं लिहायची. क्लाउड ड्राइव्हला आत काय लिहिलंय ते कळत नाही, फाइल बदलली एवढंच कळतंय. दोन बदललेल्या फायली आल्या की एक ठेवतंय आणि दुसरीला शेपूट लावतंय. शेपूटवाली जुनीच असंल असं काही नाही. तुम्ही उडवली ती तुमची होती, ठेवली ती पोरीची गणपतीतली. नेटवर्क ड्राइव्हवर लायब्ररी ठेवू नका असं कॅलिबरवाले स्वतःच लिहितात, क्लाउडचंबी तेच.

मी अक्कलकोट रोडला एका कारखान्यात चादरींच्या डिझाइनचे कॉम्प्युटर सांभाळतो. जकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) एकाच डिझाइनवर दोघांनी दोन मशिनवर काम केलं की चादरीवरच्या मोराला दोन माना येतात. आलेल्या हायत. तेव्हापासनं नियम: डिझाइन एका मशिनवर, बाकीच्यांनी फक्त बघायचं.

तुम्हीबी तेच करा. घरात एक जुना लॅपटॉप असंल. त्याच्या स्वतःच्या डिस्कवर लायब्ररी ठेवा, क्लाउडात नाही. तिथंच कॅलिबर चालवा आणि कनेक्ट-शेअरमधनं कंटेंट सर्व्हर सुरू करा. मग घरातल्या वायफायवर लॅपटॉपचा पत्ता आणि पुढं ८०८० टाकलं की कुठल्याबी ब्राउझरमध्ये तुमचं वाचनालय उघडंल. केओरीडरात ओपीडीएस कॅटलॉग (वाचायच्या यंत्राला पुस्तकांची यादी पुरवायची पद्धत) म्हणून तोच पत्ता द्या, शेवटी ओपीडीएस लावून. पोरीला युजर काढून द्या, फक्त वाचायची परवानगी, बदलायची नाही. तिला तारे द्यायचे असतील तर तुम्हाला फोन करंल.

पुण्यातनं कसं उघडायचं? आपल्याकडं घरच्या फायबरला बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतोय. राउटरात जाऊन वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असंल तर पोर्ट उघडून उपयोग नाही, तुम्ही सीजीनॅटच्या मागं हाय, म्हणजे कंपनीनं बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलाय. टेलस्केल घाला, ते आपली यंत्रं इंटरनेटवरनं एका खाजगी जाळ्यात जोडतंय. लॅपटॉपवर, तुमच्या फोनवर, पोरीच्या लॅपटॉपवर, एकाच खात्यानं. तेबी १०० नंच सुरू होणारा पत्ता देतंय, गोंधळू नका, तो तुमच्या यंत्रांचा आपापसातला. घरगुती वापराला फुकट हाय. आणि सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवावा लागत नाही, हे महत्त्वाचं.

---

कीर्दखतावणी

अण्णा, तुमचं वाचता वाचता मी पेढीवरच जोरात 'अगं बाई' म्हणाले. शेठजींनी वर बघितलं.

म्हणजे ओपीएफ या पावत्या आणि डीबी ही खतावणी! खतावणी जळाली तरी पावत्यांवरून ती पुन्हा उभी करता येते, हे तर मी रोज लोकांना सांगते. आमच्या पेढीत पूर्वी दोन मुनीम होते. एकाच दिवशी दोघांनी दोन वह्यांत रोखीची नोंद केली, तेव्हा रात्री साडेदहापर्यंत बसून ताळा लावावा लागला होता. तेव्हापासून कीर्द एकाच्याच हातात. आणि घरी मी काय केलं, तर कीर्द क्लाउडवर ठेवून दोघींच्या हाती पेन दिलं.

आज रविवार, रात्री बसते.

---

रात्रपाळी_वाचक

केओरीडरचं मी सांगतो, मला यानंच छळलं होतं.

प्रोग्रेस सिंक ही सोय पुस्तकाचं नाव बघत नाही. फायलीचे ठरावीक तुकडे वाचून त्यावरून एक खूण बनवते आणि दोन्ही यंत्रांवर खूण सारखी असेल तरच 'हे तेच पुस्तक' असं समजते. आता कॅलिबर काय करतं: यूएसबीनं कोबोवर पाठवताना तुम्ही यादीत केलेले बदल (लेखकाचं नाव, कव्हर, विषय) त्या प्रतीत भरून पाठवतं. सर्व्हरवरून उतरवतानाही भरतं. मध्ये तुम्ही टॅग बदलला, तर मंगळवारी घेतलेली प्रत आणि शुक्रवारी घेतलेली प्रत या डोळ्यांना एक, पण केओरीडरला दोन. तुमची जी पुस्तकं जुळत नाहीत ती बहुतेक एकीकडे केबलनं आणि दुसरीकडे थेट क्लाउडमधून आली असतील. तपासून बघा.

उपाय सोपा. यादीतलं नाव-गाव आधी नीट करा, मग दोन्ही यंत्रांवर एकाच वाटेनं पुस्तक उतरवा. किंवा फोनवर उतरवलेली फाइलच कोबोवर कॉपी करा. सिंकच्या सेटिंगमध्ये जुळवायची पद्धत 'फाइलनेम' अशीही आहे. मग फायलीचं नाव दोन्हीकडे अक्षरशः एकच हवं. मी तीच वापरतो, कारण मला टॅग बदलायचा रोग आहे.

आणि मुलीच्या किंडलला यात ओढू नका. किंडलची जागा लक्षात ठेवायची यंत्रणा अॅमेझॉनच्या घरात चालते, केओरीडरची त्याच्या स्वतःच्या घरात. दोघींची भेट होत नाही. तिनं पुस्तक ईपबमध्ये उतरवून 'सेंड टू किंडल'नं पाठवावं. तिच्या किंडलवर आणि तिच्या फोनवरच्या किंडल अॅपमध्ये पान जुळेल. एवढं पुरे. नुसती ईपब केबलनं टाकली तर किंडल ती वाचत नाही, हे तिला सांगून ठेवा, नाहीतर रात्री अकरा वाजता फोन येतो.

---

निवृत्त_ग्रंथपाल

ताई, तुमची यादी परत येईलच. पण ती आली की लगेच सिंकच्या मागे लागू नका. आधी लेखक बघा.

माझ्या स्वतःच्या संग्रहात ह. ना. आपटे तीन माणसं होते: 'ह. ना. आपटे', 'हरि नारायण आपटे' आणि 'हरी नारायण आपटे'. चौथा रोमन लिपीतला होता. कॅलिबरला हे चार वेगळे लेखक, म्हणून चार फोल्डर. 'मॅनेज ऑथर्स'मध्ये एकाचं नाव बदलून दुसऱ्यासारखं केलं की ते एकत्र होतात. तसंच कॅलिबर वर्णक्रमासाठी आडनाव पुढे घेऊन मध्ये स्वल्पविराम घालतं. मराठीत आद्याक्षरांमुळे त्याचा फार घोळ होतो. कॅलिबरच्या ट्वीक्समध्ये (बारीक सेटिंगांत) लेखकाचा क्रम ठरवण्याची पद्धत 'कॉपी' करावी, म्हणजे जसं लिहिलं तसंच राहतं. काहींना आडनावानुसारच क्रम हवा असतो. त्यांनी सगळं हातानं लिहिण्याची तयारी ठेवावी. मी ठेवली होती, पण 'प'पर्यंत आले आणि सोडून दिलं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. 'ॲ' हे अक्षर टंकण्याच्या दोन रीती आहेत. एक स्वतंत्र अक्षर, दुसरी 'अ' लिहून त्यावर चंद्र. डोळ्यांना सारखंच दिसतं; शोधताना एकाला दुसरं सापडेलच असं नाही. तीच गत 'दऱ्या', 'सुऱ्या'मधल्या अर्ध्या रची. जुन्या कीबोर्डनं तो एका अदृश्य चिन्हानं जोडलेला असतो, नव्यात वेगळा ऱ असतो. माझ्या यादीत एक पुस्तक दोन वर्षं 'नव्हतं', केवळ या रमुळे. शंका आली तर शब्दाचा नुसता अर्धा भाग टाकून शोधा.

आणि जुन्या पीडीएफ. त्यातल्या कित्येक श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटात केलेल्या आहेत. पडद्यावर उत्तम मराठी दिसतं. त्यातलं वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांचा काला पडतो. अशा पुस्तकात शोध चालत नाही आणि ईपब करायला गेलात तर तोच काला ईपबमध्ये येतो. कॅलिबरला दोष देऊ नका. त्या पीडीएफच ठेवाव्यात. फारच गरज असेल तर पानांची चित्रं करून टेसरॅक्टनं (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं) मराठीत वाचून घ्यावीत. जोडाक्षरं मात्र नंतर डोळ्यांनी तपासावी लागतात. पाचशे पानांचं पुस्तक असं करायला मला एक उन्हाळा लागला.

---

झटपट_उत्तर

पूर्वभागातले दादा, बरं, मान्य. आमच्याकडेही शेपूटवाली एक फाइल सापडली आत्ता. नोव्हेंबरची.

---

पूर्वभागातला

उडवू नका!! आधी कॉपी.

---

पेनड्राइव्ह_बरा

एवढा खटाटोप वाचून माझं डोकं गरगरलं. आमच्याकडे वडील ७८ वर्षांचे. त्यांच्या टॅबवर केबलनं १० पुस्तकं टाकतो, ती संपली की पुढची १०. सर्व्हर नाही, टेलस्केल नाही, वीज गेली तरी वाचन चालू. हिराचंद नेमचंद वाचनालयातून पुस्तक आणून द्यायचो तेव्हाही एका वेळी ठरावीकच मिळायची, तेव्हा कुणी तक्रार केली नाही. सासूबाईंना १९१२ पुस्तकं खरंच हवी आहेत का?

---

कीर्दखतावणी

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे दिवाळीच असते, फक्त उलटी.

रिस्टोअर केलं. तिसऱ्या चहाला झालं. यादीत १८८१ आली. ३१ कमी. ती माझ्याच हातानं नंबर काढलेली ३१ फोल्डरं, तंतोतंत. ती वेगळी भरली, ३० मधलं सगळं आपोआप आलं. एकात ओपीएफच नव्हती, तीही मीच 'ही कसली फालतू फाइल' म्हणून काढली असणार. १९१२. ताळा जुळला. मला पगारवाढ मिळाल्यासारखं वाटलं.

मग जुना लॅपटॉप काढला. क्लाउडमधलं फोल्डर लगेच पुसलं नाही. नावापुढे 'जुनं, हात लावू नये' असं लिहून ठेवलंय. लायब्ररी लॅपटॉपच्या डिस्कवर, सर्व्हर सुरू. फोनवर पहिल्या झटक्यात आली. कोबोवर पासवर्ड घेईना, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पासवर्डची पद्धत 'बेसिक' केली तेव्हा घेतला. घरातल्या वायफायपुरतं आणि टेलस्केलच्या आतच आहे म्हणून तेवढं चालवून घेतलंय. अण्णा, चुकत असेल तर सांगा.

पुण्याचं टेलस्केलनं झालं. राउटरचा पत्ता १००.७ नं सुरू होणारा दिसला, मी म्हटलं सार्वजनिक आहे. मुलीनं दाखवलं की ते ७ नसून ७८ आहे, चष्मा घाल. असो. ती आता ब्राउझरमध्ये उघडते, हवं ते उतरवते आणि किंडलला पाठवते. फक्त-वाचा खातं दिल्यावर 'आई, तू मला डिमोट केलंस' असा मेसेज आला. तारे द्यायला मात्र खरंच फोन करते. मागच्या रविवारी सात पुस्तकांचे तारे सांगायला पाऊण तास बोलली. एरवी चार मिनिटांत ठेवते.

रात्रपाळीदादा, तुमचं निदान शंभर टक्के बरोबर. न जुळणारी सगळी पुस्तकं कोबोवर केबलनं आणि फोनवर क्लाउडमधून गेलेली. आता दोन्हीकडे ओपीडीएसनंच घेते, आणि घेतल्यावर टॅगला हात लावत नाही. काल रात्री ज्या ओळीवर झोप लागली, ती ओळ आज दुपारी फोनवर उघडली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

ग्रंथपालबाई, माझ्याकडे आपटे दोनच निघाले. पण कुरुंदकरांचं नाव एका ठिकाणी 'कुरूंदकर' होतं, दीर्घ. आणि 'अॅ'चं तुम्ही म्हणता ते बघायला गेले तर आपल्याच या धाग्यावर दोन्ही प्रकार सापडले. कुणी कुठला वापरलाय ते सांगत नाही.

पेनड्राइव्ह_बरा, तुमचा प्रश्न मी सासूबाईंनाच विचारला. त्यांना टॅबवर सगळं वाचनालय उघडून दाखवलं, बोटानं वर सरकवत गेले, कव्हरांमागून कव्हरं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यातलं मी काल वाचत होते ते कुठाय?" मग तुमचीच पद्धत लावली. बारा पुस्तकं, होम स्क्रीनवर चालू पुस्तक, बस. एक मात्र बदल केला. त्या नेहमी म्हणायच्या, टॅबवरचा 'ल' आणि 'श' परका वाटतो. मला वाटायचं वय झालं. नीट बघितलं तर खरंच, तो हिंदी वळणाचा ल होता. तिरो देवनागरी मराठी नावाचा फुकट फाँट मिळाला तो घातला, त्यात आपल्या वळणाचे ल-श आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, पण अक्षर एक घर लहान करून मागितलं. आता पानावर नऊ ओळी मावतात.

एक शंका राहिलीच. लॅपटॉप वरच्या खोलीत माळ्यावर ठेवलाय, म्हणजे कुणाच्या पायात येत नाही. वीज गेली तरी त्याच्या बॅटरीवर चालतो, राउटरला छोटा यूपीएस लावलाय. पण एप्रिल लागला नाही तोच दुपारी त्याला हात लावला तर भाकरीचा तवा. मेमध्ये काय होईल? आपला मे तुम्हाला ठाऊकच आहे. आणि बॅकअप: बाहेरची हार्ड डिस्क दर महिन्याला भरून पेढीच्या कपाटात ठेवते. शिवाय सिंकथिंगनं (दोन यंत्रांतली फोल्डरं सारखी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) मिस्टरांच्या कॉम्प्युटरवर एक प्रत जाते. बरोबर ना?

---

पूर्वभागातला

अक्का, हिशेब जुळला हे वाचून बरं वाटलं. बेसिक पद्धत टेलस्केलच्या आत चालती. वायफायचा पासवर्ड मात्र शेजारच्यांना देऊ नका.

सिंकथिंगमध्ये मिस्टरांच्या बाजूला फोल्डर 'रिसीव्ह ओन्ली' करा आणि तुमच्या बाजूला 'सेंड ओन्ली', म्हणजे तिकडनं काही उलट येणार नाही. फाइल व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती जपून ठेवायची सोय, मिस्टरांकडं चालू करा. ते नसलं तर तुम्ही चुकून उडवलेलं पुस्तक तिकडनंबी उडतंय, मग त्याला बॅकअप म्हणायचं नाही. आणि प्रत जाताना कॅलिबर बंद असलं तर बरं, डीबी अर्धवट लिहिलेली जायला नको. पेढीच्या कपाटातली डिस्क हाच खरा बॅकअप. ती तशीच चालू ठेवा.

माळ्यावरनं खाली घ्या. आजच. स्लॅबखाली ४३ अंशाला पंखा काय करणार? जमिनीजवळ, भिंतीपासनं वीतभर लांब, खाली दोन लाकडी पट्ट्या. वर कापड टाकायचं नाही, सोलापुरी चादर तर बिलकुल नाही. आणि दिवसरात्र चार्जरला लावलेला असंल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबायची सेटिंग असती, ती लावा.

बॅटरी फुगली नाही ना ते आधी बघा. सपाट फरशीवर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगतोय का?

---

कीर्दखतावणी

डुगडुगतोय.

---

पूर्वभागातला

चार्जर काढा. बंद करा. बॅटरी दाबायची नाही, सुईनं टोचायची तर अजिबात नाही. उद्या नव्या पेठेत कुणाकडं तरी दाखवून बॅटरी बदलून घ्या. तोवर पोरीला सांगा, वाचनालयाला सुट्टी हाय.